पहिल्या पायरीपर्यंत

आमच्या गल्लीसमोर नदीकाठाला एक भिंत आहे. पूर अडवण्यासाठी बांधलेली. तिची उंची माझ्या कमरेच्याही खाली येते. संध्याकाळी माणसं तिच्यावर पाय सोडून बसतात, बायका गोधड्या वाळत घालतात, आणि एका शेळीला तर तिच्यावरून चालत जायची सवय लागली आहे. शेळीला सहज चढता येणारी भिंत पुराला अडवेल, अशा समजुतीत आम्ही जवळजवळ अख्खा पावसाळा निवांत काढला. रोज सकाळी शाळेत जायला निघाले की ती समोर दिसते आणि माझं डोकं फिरतं. कंत्राटदार, साहेब, गल्लीतली शहाणी मंडळी, सगळ्यांना मी मनातल्या मनात झोडपून काढते. नाक्यावर रिक्षा मिळेपर्यंत बाकीचे संपतात आणि मी एकटी उरते. कारण ती भिंत एवढीच का आहे ते मला चांगलं माहीत आहे. पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे साहेबांना मी सांगितलं होतं.

नदी म्हणजे आमची खाम. बाहेरगावच्या पाहुण्याला ती नदी आहे हे सांगावं लागतं, कारण वर्षातले दहा महिने ती नाल्यासारखी दिसते आणि वासही तसाच येतो. नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल याचा पत्ता नसलेलं आमचं शहर. इथं कुणाच्या घरात नदी शिरली म्हटलं तर ऐकणारा आधी हसतो. मीही हसले असते.

बाबा वाळूजच्या कारखान्यात होते तेव्हा त्यांनी इथं जागा घेतली. ते गंगापूरकडच्या शेतकरी घरातले. शहरात आपलं स्वतःचं चार भिंतींचं असावं याची त्यांना फार हौस. जागा गुंठेवारीतली, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून बॉण्डवर विकलेली. घर झालं, वीज आली, नळ आला, पण सरकारी कागदावर आमचं घर नव्हतंच. ते नियमित करून घ्यायला बाबांनी फाइल टाकली होती. घरात माणसं तीन, आई, बाबा आणि मी, आणि चौथी ती फाइल. जेवताना तिची चौकशी व्हायची. मी चाळिशी उलटून गेले तरी आईवडिलांकडेच राहते. का, ते इथं सांगत बसत नाही. शाळेत गणित शिकवते, एवढं मात्र सांगायला हवं.

शेजारी मावशी राहायच्या. नात्याच्या नव्हेत, पण लहानपणापासून त्यांना मावशीच म्हणत आले. नवरा लवकर गेला, लेक कन्नडला दिलेली. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत चूल आणि कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, एवढं त्यांचं घर. मधली भिंत मातीत रचलेल्या विटांची. अर्ध्या वसाहतीचे ब्लाउज त्यांच्या हातचे. माप घेताना त्या टेप लावायच्या आणि आकडा मोठ्यानं म्हणायच्या, म्हणजे समोरच्या बाईला ऐकू जावा. वहीत लिहीत नसत. लक्षात ठेवत आणि चुकत नसत. त्यांचं घर आमच्यापेक्षा खाली: आमच्या दाराला तीन पायऱ्या, त्यांच्या दाराला एक.

पहिला पूर आला तो भर दुपारी. वर डोंगराकडं इतका पाऊस झाला होता की नदीनं काठ सोडला आणि गल्लीतून पाणी सरळ घरात आलं. मी शाळेत अडकले होते. परत आले तेव्हा पाणी उतरत होतं आणि आई पलंगावर उभी राहून मला बाहेरच थांब म्हणून ओरडत होती. आमच्याकडं पाणी पलंगाच्या गादीला लागलं होतं. मावशींकडं मशीनच्या फळीला. त्यांचं जोतं आमच्याहून दोन पायऱ्या खाली, म्हणजे दोन्ही मापं बरोबर जुळत होती. मला तेव्हाच कळलं होतं. गणिताच्या बाईला एवढं कळायलाच पाहिजे.

चिखल काढून झाला तेव्हा आईनं एक गोष्ट केली. तिचं माहेर गोदाकाठचं. तिथं घरात पाणी येऊन गेलं की घरातली थोरली बाई पाण्याच्या उंचीवर गेरूची रेघ ओढते, तिच्यावर हळद-कुंकू वाहते आणि गोदामाईला सांगते, इथवर आलीस, आता पुढं नको. नुसती पूजा नव्हे ती. पुढच्या खेपेला धान्याच्या कणग्या त्या रेघेच्या वर ठेवायच्या, असा हिशेब असतो. आईनं आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर तशी रेघ ओढली. मग मावशींकडं जाऊन त्यांच्याही भिंतीवर ओढून आली. खामेसाठी गोदेचा मान, म्हणून बाबा हसले. आई म्हणाली, "पानी ते पानी. त्याला नाव इचारून का घरात घेतलं व्हतं तुमी?" आणि पिठाचे डबे उचलून रेघेच्या वर फळीवर ठेवले.

दोन महिन्यांनी बातमी आली की नदीला पूरभिंत होणार. गल्लीला आनंद झाला. तो तासभर टिकला. मग कुणीतरी सांगितलं की भिंतीसाठी मोजणी होईल, मोजणीवरून पुराची निळी रेषा आखतील, आणि निळ्या रेषेच्या आत घर आलं की गुंठेवारीची फाइल गेलीच म्हणून समजा. पिठाच्या गिरणीपाशी सगळी गल्ली जमली. सगळ्यांच्या फायली कुठं ना कुठं अडकलेल्या. बराच वेळ आवाज झाला आणि शेवटी ठरलं, पाणी घरात आलंच नाही असं सांगायचं. पहिल्या पायरीपर्यंत आलं, बस. भिंत तर ते बांधणारच आहेत, आपल्या सांगण्यानं काय फरक पडतो?

हे वाक्य कुणाचं होतं ते मी सांगते. माझं.

आणि बोलायचं कुणी? बाईंनी. बाई शिकलेल्या, बाईंना साहेबांशी बोलता येतं. मीही फुशारले. घरी येऊन मी घासणी घेतली आणि आईची रेघ घासायला बसले. गेरू भिंतीत उतरला होता, निघेना. मग कोपऱ्यात उरलेला ऑइलपेंटचा डबा उघडून दोन हात मारले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. ओरडली असती तर मला भांडता आलं असतं. तिच्या गप्प बसण्याचाच मला राग आला.

मोजणीवाले तिघे आले. तिपाईवर दुर्बीण, आकडे लिहिलेली लांब पट्टी, आणि एक तरुण साहेब. साहेबानं गल्लीत उभं राहून विचारलं, "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" मी आमच्या पहिल्या पायरीवर बोट ठेवलं. मागून सगळ्यांनी माना हलवल्या. पट्टीवाल्यानं पट्टी पायरीला लावली, साहेबानं दुर्बिणीतून पाहिलं, आकडा लिहिला. काम झालं होतं. तेवढ्यात मावशी दारातून बाहेर आल्या. गिरणीपाशी त्या आल्या नव्हत्या. त्यांची फाइलच नव्हती, त्यांना कोण बोलावणार? त्या साधेपणानं म्हणाल्या, "साहेब, हितं नाय. माझ्या मशीनच्या फळीला लागलतं पानी. आत येऊन बघा, रेघ हाय."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. साहेबानं पेन परत उघडलं आणि मी हसत, अगदी हसत म्हणाले, "नाही हो साहेब, मावशींना ऐकून माहीत आहे. त्या दिवशी त्या इथं नव्हत्याच. कन्नडला होत्या, लेकीकडं."

एवढ्या चटकन कसं सुचलं मला? वर्गात मुलं खोटं बोलतात तेव्हा मी म्हणते, खोटं बोलायलाही तयारी लागते. मला काहीच तयारी लागली नाही. मावशींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या तोंडात सुई धरायची सवय होती, शिवताना दोन ओठांत. तशाच त्या ओठ मिटून उभ्या राहिल्या आणि आत गेल्या. साहेबानं आत न जाताच काहीतरी लिहिलं. मी त्याच्या कागदावर रहिवासी म्हणून सही केली. वळणदार, मार्कलिस्टवर करते तशी.

त्यानंतर मावशींनी माझं कुठलंच काम अडवलं नाही. ब्लाउज शिवून दिले, फॉल लावून दिला. फक्त माझं माप त्या मोठ्यानं म्हणेनाशा झाल्या.

भिंत झाली. आम्ही सांगितलेल्या पाण्याच्या वर दोन फूट, असं काहीतरी गणित असतं, त्याप्रमाणे झाली. आम्ही अडीच फुटांहून जास्त खोटं बोललो होतो आणि त्यांनी दोन फूट राखून ठेवले होते. बाकी काय उरतं हे माझ्या आठवीच्या पोरांनी तोंडी सांगितलं असतं. खरं सांगितलं असतं तर भिंत माझ्या गळ्याएवढी झाली असती. पण तेव्हा हे कोण बोलणार? कंत्राटदारानं नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. पुढच्या उन्हाळ्यात बाबांच्या हातात गुंठेवारीचं प्रमाणपत्र आलं. बाबांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या सर्वात वरच्या खणात ठेवलं. आईचा हिशेब त्यांनाही ठाऊक होता तर.

दुसऱ्या पुराला फार वाट पाहावी लागली नाही. भिंतीनंतरचा पहिला पावसाळा सरता सरता दुपारी तसंच आभाळ फुटलं आणि तेवढंच पाणी आलं. भिंतीला टेकलं, वर चढलं आणि वरून गल्लीत पडू लागलं. त्या दिवशी रविवार, मी घरात होते. आई मावशींच्या दारात गेली आणि त्यांना हाताला धरून आमच्या गच्चीवर घेऊन आली. मावशींच्या दुसऱ्या हातात ती बुद्धाची मूर्ती होती. त्या कठड्यापाशी उभ्या राहून खाली बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहू शकले नाही. टाकीमागं उभी राहिले.

पाणी आलं ते एक वेळ सोसलं असतं. यंदा ते जाईनाच. गल्लीतलं पाणी नदीकडं जायला भिंतीला खाली भोकं ठेवली होती, ती कचऱ्यानं बुजलेली. नदी उतरून शहाण्यासारखी आपल्या जागी गेली आणि आमचं तळं मात्र दोन दिवस तसंच. मी पहारीनं एक भोक मोकळं करायला गेले, हात सोलून घेतले आणि भिंतीला शिव्या देत परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींची मधली भिंत, मातीत रचलेली, बसली. ती पुढं पडली आणि मशीन तिच्याखाली गेलं. धपकन एवढा एकच आवाज आला. मावशी गच्चीवरूनच म्हणाल्या, "मशीन गेलं." आठवड्याभरात लेक येऊन त्यांना कन्नडला घेऊन गेली. पुढच्या दाराला कुलूप लावून किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली. मी शेजारीच उभी होते.

मग आमची गल्ली खवळली. भिंत ठेंगणी बांधली, पैसे खाल्ले, आमच्या जिवाशी खेळ! मोर्चा निघाला आणि पुढं कोण, तर बाईच. भिंत बांधणाऱ्यांच्या कचेरीत मी टेबलावर मूठ आपटून विचारलं, "एवढीशी भिंत कुणाच्या डोक्यातून निघाली?" टेबलामागं तोच तरुण साहेब होता. त्यानं आवाज चढवला नाही. फाइल काढली, पान उघडलं आणि वाचलं: "रहिवाशांच्या सांगण्यानुसार पाणी पहिल्या पायरीपर्यंत. शेजारील एक महिला अधिक उंची सांगते, परंतु सदर महिला त्या दिवशी बाहेरगावी." मग पान माझ्याकडं फिरवलं. खाली माझी वळणदार सही.

मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण आधी संताप आला. मी म्हणाले, "आणि तुम्ही लोकांच्या तोंडावर विसंबून भिंती बांधता? तुमचं स्वतःचं मोजमाप नव्हतं?" तो म्हणाला, "पुलाच्या खांबावर पट्टी रंगवलेली आहे, मॅडम. ती वाचून लिहायला माणूसच नेमलेला नाही." म्हणजे त्यांच्याकडं पट्टी होती आणि वाचणारा नव्हता, आणि आमच्याकडं वाचणारी होती, तिला आम्ही गावाबाहेर घालवलं. मोर्चातली माणसं एकेक करून जिन्यानं खाली उतरली. बाबा सगळ्यात आधी.

सगळे गेल्यावर मी त्याला खरं काय ते सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. भिंत वाढवायचा प्रस्ताव करता येईल म्हणाला, पण जुना आकडा खोटा होता हे कागदावर यायला हवं. "तुम्ही आधी एक सांगितलंत, आता दुसरं सांगताय. तुमच्या एकटीच्या शब्दावर कसं करू? आणखी एक जण आणा, तुमच्या घरातला नको. मी सोमवारी येतो."

मी गल्लीत दारोदार फिरले. प्रत्येक घरात चहा मिळाला आणि नकार मिळाला. प्रमाणपत्रं हातात आली होती. कुणी वरचा मजला काढायला घेतला होता. "सांगायचंच असंल तर भिंतीला भेग पडली म्हणून पानी आलं असं सांगा ना, बाई," एकानं मला समजावलं. घरी बाबांनी ताटावरूनच विचारलं, "निळ्या रेषेत घर घालतीस व्हय माझं? लई शानी झालीस." त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. त्यांचा राग मला समजत होता, म्हणून तर जास्तच चिडचिड होत होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी कन्नडची एसटी धरली. वेरूळला अर्धी बस रिकामी झाली, पुढं खिडकीशी जागा मिळाली. वाटभर मी वाक्यं जुळवत होते. मावशी, तुमचंच घर वाचेल. मावशी, भिंत उंच झाली की तुम्हाला परत येता येईल. मावशी, तुमच्याशिवाय कुणी नाही. सगळी खरी वाक्यं आणि एकही पहिलं बोलण्याजोगं नाही.

मावशी लेकीच्या ओसरीवर बसून हातानं तुरपाई करत होत्या. मला पाहून उठल्या, पाणी दिलं, आईची तब्येत विचारली. मी जुळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. त्या दोरा ओवत ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्या साहेबाच्या कागदावर मी त्या दिवशी कुठं हाय?"

मी सांगितलं. "इथं. कन्नडला."

"मंग? कन्नडच्या बाईला काय ठावं, तुमच्या गल्लीत पानी कुठवर आलं?"

"मावशी, माझं चुकलं. मी खोटं बोलले."

"ते मला तवाच कळलं. मला काय सांगतीस?" त्यांनी सुई कापडात खुपसून ठेवली. "घर गेलं त्याचं नाय बाई वाटलं येवढं. पानी काय, येतंच. पर भर गल्लीत माझ्या दारात हुबं राहून तू मला म्हनलीस, तू हितं नवतीसच. येका बी मानसानं आडवलं नाय तुला. मला न्यायला आलीस व्हय? आधी कागदावर मला माझ्या घरी आन. मंग मी येते."

शेवटच्या बसनं मी एकटी परत आले.

सोमवारी साहेब आला. गल्लीतली दारं लोटलेली. मी त्याला घरात नेलं. बाबा उठून मागच्या खोलीत गेले. आईनं न सांगता उलथनं आणलं आणि ऑइलपेंट खरवडायला सुरुवात केली. पापुद्रे निघाले आणि खाली गेरू दिसला. साहेबानं टेप काढला. मी म्हणाले, "पाण्याचं नंतर. आधी एक लिहा. शेजारच्या मावशी त्या दिवशी घरीच होत्या."

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "त्याला रकाना नाही, मॅडम."

"मग समासात लिहा."

"मला असं लिहिता येत नाही." मग त्यानं पेन माझ्यापुढं केलं. "तुमचं निवेदन म्हणून तुम्हीच लिहा."

मी लिहिलं. त्या दिवशी त्या घरीच होत्या, पाणी त्यांच्या मशीनच्या फळीपर्यंत आलं होतं, त्यांनी खरं सांगितलं होतं आणि मी जाणूनबुजून खोटं सांगितलं. समासात जागा पुरेना, म्हणून मागच्या पानावर गेले. खाली सही केली, नेहमीची. साहेबाची परवानगी घेऊन त्या पानाचा फोटो काढला आणि मावशींच्या लेकीच्या फोनवर पाठवला.

भिंतीचं म्हणाल तर ती अजून तेवढीच आहे. प्रस्ताव वर गेला आहे असं सांगतात. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगत नाही. शेळी रोज तिच्यावरून जाते. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि मावशींची किल्ली आईच्या डब्यात आहे, रेघेच्या वरच्या फळीवर.

त्या सोमवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला होता. म्हणाली, आईला वाचून दाखवलं. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"काय नाय म्हनली. अजून येकदा वाच म्हनली."